संमतिपत्र आधी, प्रोटोकॉल नंतर

प्रिय मित्रा,

एथिक्स कमिटीवर आलास आणि पहिलीच फाइल जीन थेरपीची मिळाली, तर आधी संमतिपत्र वाच; ट्रायलचा आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, नंतर.

'ट्रायल केव्हाही सोडता येईल' हे वाक्य गोळ्यांच्या ट्रायलमधून उचलून चिकटवलेलं असतं. गोळी थांबवता येते. शिरेतून दिलेला एएव्ही व्हेक्टर, म्हणजे नवं जनुक पेशींत पोचवणारा विषाणू, परत काढता येत नाही. रुग्ण फक्त पुढच्या तपासण्या सोडू शकतो. तसंच स्पष्ट लिहायला लाव. एका डोसनंतर त्या व्हेक्टरविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात. पुढे त्याच जातीच्या व्हेक्टरवरचं सरस औषध आलं, तरी ट्रायलमध्ये डोस घेतलेल्या मुलाला ते बहुधा घेता येणार नाही. पालकांना हे सही करण्याआधी कळायला हवं. समजलं का, असं विचारू नका. सगळे मान डोलावतात. 'मध्येच सोडलं तर काय होईल?' हे त्यांनाच सांगू दे. उत्तर 'औषध बंद होईल' असं आलं, तर त्या दिवशी सही घ्यायची नाही.

संमतिपत्राच्या जुन्या आवृत्त्याही मागव. 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जीन थेरपी ट्रायलमध्ये जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा डोसनंतर चार दिवसांत गेला. प्राण्यांवरच्या चाचण्यांत झालेल्या माकडांच्या मृत्यूंचा उल्लेख संमतिपत्राच्या आधीच्या मसुद्यात होता, रुग्णांना दिलेल्या फॉर्ममधून तो गळला होता. असं काही गळलंय का, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

व्हेक्टर पेशीच्या डीएनएत शिरणारा असेल, तर पाठपुरावा 15 वर्षांचा हवा. पॅरिसच्या एससीआयडी (जन्मतःच रोगप्रतिकारशक्ती नसण्याचा आजार) ट्रायलमध्ये व्हेक्टर म्हणून वापरलेला रेट्रोव्हायरस कर्करोगाशी संबंधित एलएमओ2 जनुकाजवळ जाऊन बसला आणि काही मुलांना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला, तोही उपचारानंतर काही वर्षांनी. सात वर्षांच्या मुलाचा पाठपुरावा बाविसाव्या वर्षापर्यंत जातो, म्हणून अठरा पूर्ण होताच त्याची स्वतःची संमती घेण्याचं कलम हवंच. कंपनी मध्येच गुंडाळली गेली तर तपासण्यांचा खर्च कोण करणार, हेही विचार. या प्रश्नावर बैठकीत हमखास शांतता पसरते. उत्तर लेखी येईपर्यंत मंजुरी रोखून धर.

पैशांच्या बाबतीत मात्र घासाघीस नको. स्टेम सेल (इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) उपचारांच्या फाइली आल्या, तर हे खास लक्षात ठेव. भारताच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक आजारांसाठीचं रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळे स्टेम सेल उपचार ट्रायलमध्येच व्हायला हवेत. ऑटिझमसाठी स्टेम सेलचं 'पॅकेज' विकणारं क्लिनिक त्यालाच संशोधन म्हणत असेल, तर ट्रायलची नोंदणी दाखवायला सांग. आणि नोंदणी असेल, तर रुग्णाकडून फी कशाची घेतली, ते विचार.

तुझा,
एक जुना सदस्य