पहिली कयाक कोणती घ्यावी?

प्रश्न : मला पोहता येते, वल्हे मात्र यंदाच हाती धरले. सुटीच्या दिवशी हिडकलच्या जलाशयात फिरण्यासाठी स्वतःची कयाक घ्यायची आहे. एक विक्रेता 14 फुटी अरुंद, वेगवान, बंद कयाक सुचवतो, दुसरा 10 फुटी उघडी. कोणती घ्यावी?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपण 10 फुटी उघडीच घ्यावी, म्हणजे जिच्या पाठीवरच्या बैठकीत बसतात ती; बंद कयाकमध्ये पोकळीत पाय घालून बसतात. शिकाऊ माणसाने होडी किती पळते यापेक्षा ती उलटल्यावर आपल्याला पुन्हा वर चढता येईल का, हे आधी पाहावे. बंद कयाक उलटली की तिच्या पोकळीत पाणी भरते आणि काठ दूर असताना ते उपसून पुन्हा आत बसणे सरावाशिवाय जमत नाही. उघडी कयाक सुलटी करून, मधोमध बाजूने तिच्यावर छाती टेकवावी, पाय मारत पोट वर ओढावे आणि मग कुशीवर वळून बसावे. साचलेले पाणी बैठकीतल्या भोकांतून आपोआप निघून जाते. त्याच भोकांतून थोडे पाणी वरही येते. होडी गळत आहे, असे समजून घाबरू नये.

लांब, अरुंद कयाक सरळ आणि वेगाने जाते, हे पहिल्या विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. पण नवख्याला ती सतत डगमगल्यासारखी वाटते आणि त्या धास्तीने वल्हे मारणे बाजूलाच राहते. रुंदी 30 इंचांच्या आसपास असावी. वल्हे साधारण 230 सेंटिमीटर लांबीचे चालेल. आपले आणि सामानाचे मिळून वजन होडीच्या कमाल भारक्षमतेपेक्षा बरेच कमी भरले पाहिजे, नाहीतर ती पाण्यात खोल बसते.

एक गोष्ट दुकानातच करून पाहावी : होडी एकट्याने उचलून कमरेपर्यंत आणावी. प्लास्टिकची 10 फुटी कयाक 20 ते 25 किलोंची असते. ती गाडीच्या टपावर चढवता येत नसेल तर महिन्याभरात घरीच पडून राहील. मग हवा भरायची कयाक बरी, मात्र ती वाऱ्याने लवकर भरकटते.

मापाचे लाइफ जॅकेट होडीच्या आधी घ्यावे आणि पोहता येत असले तरी अंगात घालूनच पाण्यात उतरावे. जलाशयात होडी घालण्याची परवानगी आधी विचारून घ्यावी. घराजवळ मलप्रभा आहे म्हणून पावसाळ्यात तिच्या लाल, फुगलेल्या पाण्यात मात्र सराव करू नये.