दम आणि गुडघे, दोन्ही सांभाळून व्यायाम

प्रश्न : माझे वय ६३ आहे. लग्नानंतर कित्येक वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. आता सीओपीडीमुळे (श्वासनलिका आकुंचित होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) श्वासातून औषध घेण्याचा पंप सुरू आहे आणि दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. डॉक्टर व्यायाम करा म्हणतात, घरचे बसून राहा म्हणतात आणि शेजारच्या बाई कपालभाती सुचवतात. मी कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : डॉक्टरांचे ऐकावे. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायूंकडून तेवढेच काम करून घेताना दम लवकर लागतो आणि मांडीचा आधार सुटल्याने गुडघ्यावरचा भारही वाढतो. व्यायामाने फुफ्फुसांची झालेली हानी भरून निघत नाही. मात्र आंघोळ, जिना, बाजार ही रोजची कामे कमी दम लागून होऊ लागतात.

सुरुवात चालण्याऐवजी खुर्चीने करावी. भिंतीला टेकवलेली, थोडी उंच खुर्ची घ्यावी, कारण बसक्या खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर फार ताण येतो. नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडत उभे राहावे. बसतानाही तसेच करावे. ओठ आवळल्याने श्वासनलिका लवकर मिटत नाहीत आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते. उठताना श्वास रोखण्याची बहुतेकांना सवय असते, ती तेवढी मोडायला हवी. प्रथम पाच वेळा पुरे. हे जमू लागले की सपाट जागेवर दोन-तीन मिनिटे चालावे, बसावे, पुन्हा चालावे. काठी अधिक दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. व्यायामाआधी पंप घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

थोडा दम लागणे हे धोक्याचे लक्षण नव्हे. शून्य ते दहाच्या मापात तो तीन-चारपर्यंत असावा, म्हणजे छोटे वाक्य बोलता यावे. गुडघ्याचे दुखणे किंचित वाढले तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलेच राहिले किंवा सूज आली, तर व्यायाम निम्म्यावर आणावा. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा ओठ निळसर होणे यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८८ च्या खाली गेल्यास थांबावे, अर्थात डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळी मर्यादा सांगितली नसेल तर. बोटे गार असतील किंवा नखांना रंग असेल, तर हा आकडा फसवा येऊ शकतो. ताप असताना किंवा बेडक्याचा रंग बदलला असताना व्यायाम न करता डॉक्टरांना भेटावे.

शेजारच्या बाईंचा हेतू चांगला असला तरी कपालभाती तुमच्यासाठी नाही : जोराच्या झटक्याने श्वास सोडताना आकुंचित श्वासनलिका अधिकच मिटतात आणि हवा आत कोंडते. व्यायाम जमावा म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणेही टाळावे. दुखणे दबल्याने गुडघ्याची मर्यादा कळत नाही आणि गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी श्वास मंदावतो.

आणखी एक. भाजी निवडायला जमिनीवर बसत असाल, तर ते काम टेबलावर आणावे. खाली वाकून बसल्याने पोट दाबले जाऊन श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूला, जागा उरत नाही, आणि उठताना गुडघ्यांचे हाल होतात ते वेगळेच.