काळ्या पायऱ्या मोजण्याआधी

सह्याद्रीच्या कड्यातली प्रत्येक पायरी म्हणजे वेगळा मॅग्मा (पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक), असं धरून चालू नकोस. एकाच रासायनिक जातीचे कितीतरी लाव्हाप्रवाह एकावर एक पसरलेले असतात. बुशे आणि आंबेनळी या दोन शैलसमूहांचे (लाव्हाथरांच्या गटांचे) बेसाल्ट, म्हणजे काळे ज्वालामुखी खडक, नुसत्या डोळ्यांनी वेगळे करणं भल्याभल्यांना जमत नाही. फरक कळतो तो प्रयोगशाळेत: बुशेच्या मॅग्मात वर येताना खंडीय कवच भरपूर मिसळलं, म्हणून टायटॅनियम कमी आणि स्ट्रॉन्शियम ८७/८६ (त्याच्या दोन समस्थानिकांचं) गुणोत्तर चढं. आंबेनळीत ही भेसळ सगळ्यांत कमी.

नमुना प्रवाहाच्या मधल्या घट्ट भागातून घे. वरचा सच्छिद्र, झिओलाइटने (पोकळ्यांत नंतर वाढलेल्या खनिजांनी) भरलेला भाग दिसायला देखणा, पण विश्लेषणाला कुचकामी!

नुसत्या उंचीवरून दोन घाटांतले थर जुळवू नकोस. थर दक्षिणेकडे किंचित कलले आहेत. लाल मातीचे पट्टे दोन उद्रेकांमधली विश्रांती दाखवतात, पण लांबवर सलग सापडतीलच असं नाही. कळसूबाई उपगटात (तळाकडच्या शैलसमूहांच्या गटात) प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजाच्या मोठ्या स्फटिकांचे प्रवाह मात्र चांगली खूण ठरतात. तिथूनच सुरुवात कर.