घराला 'शाश्वत' नाव द्यावं की 'चिरंतन' की 'अक्षय'? अर्थ एकच ना सगळ्यांचा?

तुमचा प्रश्न असा की देवगडजवळ गावच्या जागेत घर बांधताय, बायकोला 'चिरंतन' आवडलंय, वडिलांना 'अक्षय' आणि तुम्हाला 'शाश्वत', आणि सगळ्यांचा अर्थ 'कायम टिकणारं' हाच असेल तर वाद कशाला घालायचा. अर्थ एक नाहीये हो, अजिबात नाही. मीपण सिंधुदुर्गातलाच, आणि या शब्दांवर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हे शब्द नुसते 'टिकणार' म्हणत नाहीत, प्रत्येक जण वेगळ्याच शेवटाला नकार देतो. अमर म्हणजे मरणार नाही, बस्स, म्हातारा होणार नाही असं त्यात कुठेच नाही, म्हणून तर 'अजर' वेगळा जोडून अजरामर करावं लागलं. अढळ म्हणजे जागा सोडणार नाही (आणि गंमत म्हणजे ज्या ध्रुवावरून तो शब्द आपल्या तोंडात बसला तो ताराही हजारो वर्षांत आपली जागा सोडतो, पृथ्वीचा आस सुमारे 26,000 वर्षांत एक गिरकी घेतो म्हणून). अखंड म्हणजे मध्ये तुटणार नाही. किती काळ चालेल याचा अखंडमध्ये पत्ताच नाही. आमच्या देवळात अखंड सप्ताह असतो, वाडीवार भजनाच्या पाळ्या लावलेल्या, रात्री तीनला डोळे मिटत असले तरी वीणा खाली टेकवायची नाही, पुढचा आला की त्याच्या गळ्यात द्यायची. आठव्या दिवशी संपतो की तो, तरी कोणी म्हणत नाही की अखंड कसला.

आता तुमचे तीन.

चिरंतन. 'चिर' म्हणजे अनंत नव्हे, चिर म्हणजे दीर्घ. लग्नपत्रिकेत 'चि.' लिहितो तो आशीर्वाद लांब आयुष्याचा आहे, न संपणाऱ्या आयुष्याचा नाही. आणि 'तन' हा प्रत्यय पुरातन, अद्यतनमधला, अमुक काळातला असं सांगणारा, म्हणून संस्कृतात चिरंतनचा अर्थ फार जुना, प्राचीन असा होता, मराठीत येता येता तो पुढे तोंड करून उभा राहिला. सनातन मात्र अजून मागेच बघतो, त्याला कधी सुरू झालं ते विचारायचं नाही. चिरंतन शब्द कानाला गोड आहे यात वाद नाही, पण नव्या कोऱ्या घराला मला तो जड वाटतो, आणि सात चिरंजीवांची यादी बघा, त्यात चिपळूणजवळ ज्यांचं देऊळ आहे ते आपले परशुराम आहेत आणि जखम घेऊन फिरणारा अश्वत्थामाही आहे, म्हणजे लांब जगणं वरदान की शाप ते चिर सांगत नाही. (घराच्या भिंतीचा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, वेगळा बरं का, तो खाणीतून चिरून काढलेला, त्याचा या चिरशी संबंध लावू नका, लावला जातो म्हणून सांगितलं.)

अक्षय, वडिलांचं. क्षय म्हणजे घट. म्हणजे या शब्दात कोणीतरी रोज घेतंय हे धरलेलंच आहे, घेऊनही कमी होत नाही ते अक्षय. द्रौपदीची थाळी, किंवा हल्ली सूर्य-वाऱ्याच्या विजेला अक्षय ऊर्जा म्हणतात ते अगदी बरोबर बसलंय. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी जांभ्यातून सगळं पाणी उतरून जातं, एप्रिल-मेमध्ये कितीतरी विहिरी तळाला लागतात. आमच्या परड्यातल्या विहिरीवर मे महिन्यात अर्धी वाडी पाणी भरायची आणि आजी म्हणायची, 'भरा गो, हेचो झरो आटना नाय'. मला अक्षय शब्द ऐकला की ती विहीरच दिसते. नाव ठेवलंत तर एक य पुरे, दोन य तृतीयेतल्या अक्षय्यला, त्याचा अर्थ घट होऊच शकणार नाही असा.

शाश्वत, तुमचं. हा 'शश्वत्'वरून आलाय आणि शश्वत्चा अर्थ सतत, नेहमी आहेच, पण पुन्हा पुन्हा असाही आहे, आणि हे कळलं तेव्हापासून माझा कौल याला. कारण कोकणात घर टिकतं ते कसं? एकदा बांधलं आणि झालं असं होतच नाही. पावसाआधी शाकारणी, फुटकी कौलं काढून नवी घालायची, कौलांखालची रीप कुजली असेल तर बदलायची, वाळवी बघायची, दरवर्षी, आणि ज्या घरात दोन पावसाळे कोणी हे केलं नाही ते घर बसलेलं तुम्हीही बघितलं असेल. हल्ली शाश्वत विकास, शाश्वत मासेमारी म्हणतात तेही याच अंगाने जातं, 1 जून ते 31 जुलै होड्या वर ओढायच्या तेव्हा पुढच्या वर्षी मासळी.

जुनी माणसं तर हे शब्द बाजूला ठेवून सरळ सूर्यचंद्रच दाखवायची. दानाच्या शिळेवर, आपल्या गद्धेगळीवर, वर चंद्रसूर्य कोरलेले असतात, ते आहेत तोवर हे दान, म्हणजेच आचंद्रार्क. अलिबागजवळच्या आक्षीच्या जुन्या शिलालेखावरही आहेत. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातल्या शिलालेखात गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी 'यावच्चन्द्रदिवाकरौ' असंच लिहवलंय. 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावरचे वाडे जळाले, देऊळ अजून उभं आहे.

आणि 'कायम' नि 'कायमचा' एकच असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. 'तो कायम मुंबईला असतो' म्हटलं तर गणपतीला येतो, 'तो कायमचा मुंबईला गेला' म्हटलं की घराला कुलूप. एका 'चा'ने एवढं होतं.

तर शाश्वत ठेवा, वडिलांचा अक्षय विहिरीला द्या, खरंच द्या, विहिरीला नाव असतं तर काय बिघडलं. फक्त जांभ्यावर अक्षरं कोरू नका, भोकाभोकाचा दगड, बारीक काना-मात्रा धरत नाही आणि पावसाने शेवाळतो. काळ्या दगडाची पाटी करून घ्या आणि ती चिऱ्यात बसवा.