वाचकांचे प्रश्न: कॉलेजातलं पहिलं भाषण

प्रश्न: बी. ए. च्या पहिल्या वर्षाला वक्तृत्वाचा पेपर घेतला आहे. पाच मिनिटांचं माहितीपर भाषण पूर्ण लिहून तोंडपाठ केलं. घरी एकदाही अडले नाही, वर्गात मात्र दुसऱ्याच मिनिटाला सगळं पुसलं गेलं. पाठांतर वाढवू का?
– विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर: वाढवू नका. शब्दशः पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाच्या आधाराने आठवतो. एक निसटला की पुढचं काहीच हाती लागत नाही, आणि समोर वर्ग भरलेला असताना एखादा निसटतोच. मुद्दे पक्के असले तर शब्द तिथल्या तिथे सुचतात.

आधी एक वाक्य लिहा: हे ऐकून श्रोत्याला नेमकं काय कळावं? ते वाक्य जमत नसेल तर विषय अजून मोठा आहे. 'गोव्याची शेती' पाच मिनिटांत मावत नाही. 'खाजनातला मानस भरती-ओहोटीला कसा चालतो' हे आरामात मावतं. (खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतजमीन, मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार.) सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. पाऊण मिनिट प्रस्तावनेला, अर्धं शेवटाला ठेवा आणि मधल्या वेळात दोन मुद्दे घ्या, फार तर तीन. चौथा घुसवला की वेळ अपुरा पडतो आणि भाषणाचा शेवट घाईत उरकावा लागतो.

मग पोस्टकार्डाएवढी चार-पाच जाड कार्डं घ्या. एकाच बाजूला लिहा आणि कोपऱ्यात ठळक क्रमांक टाका. मानसाच्या कार्डावर एवढंच हवं: 'लाकडी झडप. ओहोटी – आतलं पाणी ढकलतं, उघडते. भरती – खाडीचं पाणी दाबतं, मिटते.' पूर्ण वाक्यात लिहायची ती फक्त पहिली दोन वाक्यं, शेवटचं वाक्य आणि कुणाचं अवतरण असेल तर ते. सराव उभं राहून, मोठ्याने, फोनवर वेळ लावून पाच-सहा वेळा करा. दर वेळी शब्द वेगळे आले तर उत्तमच. मनातल्या मनात केलेला सराव फसवतो, कारण तिथे श्वास लागत नाही आणि वेग भलताच असतो.

मुद्द्यांमधले सांधेही ठरवून ठेवा: 'हे झालं झडपेचं. आता बांध कशाला लागतो ते पाहू.' वाचकाला पान मागे उलटता येतं, श्रोत्याला येत नाही. नारदीय कीर्तनात हे फार सुंदर सांभाळलेलं असतं. पूर्वरंगात मूळ पदाचं निरूपण, उत्तररंगात त्यालाच धरून आख्यान, आणि अखेर पुन्हा त्याच पदावर. जवळच्या देवळात कीर्तन असेल तेव्हा वही घेऊन बसा, बुवा कुठे कुठे पदाकडे वळतात ते टिपा.

एवढं करूनही अडलात तर आत्ताच बोललेलं वाक्य सावकाश पुन्हा म्हणा आणि कार्ड पाहा. 'सॉरी' म्हणू नका. तुम्हाला युगासारखे वाटणारे तीन सेकंद वर्गाच्या लक्षातही येत नाहीत.

प्रश्न: 'खाजन शेती वाचवा' यावर मन वळवणारं भाषण केलं. आकडे भरपूर दिले, तरी सरांचा शेरा आला: 'माहिती मिळाली, पटलं नाही.' काय कमी पडलं?
– विद्यार्थी, मडगाव

उत्तर: बहुधा समोरचा वर्गच भाषणात नव्हता. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली: वक्त्यावरचा विश्वास, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद. तुम्ही तिसऱ्यावरच विसंबलात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ॲलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात मांडलेला क्रम इथे कामी येतो: लक्ष वेधणं, गरज पटवणं, उपाय देणं, त्याचं चित्र उभं करणं, कृती सांगणं.

बहुतेक भाषणं गरजेपाशीच ढेपाळतात. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, हे खरं. पण ज्याच्या घरी शेतच नाही त्याला त्याचं काय? त्याला सांगा की बांधाच्या आड गावातल्या विहिरी आणि घरंही असतात. 'भात परवडत नाही, माणसं मिळत नाहीत' हा आक्षेपही तुम्हीच आधी काढा आणि प्रामाणिकपणे उत्तर द्या. विश्वास तिथेच बसतो. शेवटी 'सरकारने लक्ष द्यावं' म्हणालात तर बाकावरच्या मुलांना करण्यासारखं काही उरत नाही. 'आपल्या गावचा बांध कोण बघतं, हे या रविवारी घरी विचारा' ही कृती झाली.

आणि आकडे एका मुद्द्याला एकच. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळलं गेलं, असं लिहावं. बोलताना 'चौतीस हजारांनी' पुरे.

प्रश्न: घरी आम्ही कोंकणी बोलतो. मराठीत भाषण करताना मध्येच कोंकणी येते आणि मी घाबरते. हातही थरथरतात.
– विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर: शेताभातातला कोंकणी शब्द खुशाल येऊ द्या. ऐकणाऱ्याला अडतं ते क्रियापद अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं झालं की. म्हणून सुरुवात, सांधे आणि शेवट मराठीत घोटून ठेवा, मधलं आपोआप सावरतं. थरथरणाऱ्या हातात पातळ कागद धरू नका, कंप दुप्पट दिसतो; जाड कार्डं धरा. उठण्याआधी चार-पाच वेळा श्वास घेतला त्याहून सावकाश सोडा. भीती सहसा पहिल्या मिनिटातच सर्वांत जास्त असते, तेवढ्यापुरती ती दोन घोटलेली वाक्यं आहेतच.