उघड्या उतारावर जमीन झाकणारी रोपं लावली की पावसात माती वाहून मुळं उघडी पडतात. उपाय काय?

आधी काथ्याची जाळी अंथरा, मग तिला चीर देऊन रोपं लावा, तीही ओळीत नव्हे तर एकाआड एक, ३० सेंमी अंतरावर. सगळा उतार मात्र खणू नका. भुसभुशीत केलेली मातीच आधी वाहते. फक्त खड्डे घ्या आणि रोपाच्या उताराकडच्या बाजूला मातीचा अर्धगोल वरंबा करा. जाळीचं वरचं टोक १५ सेंमी खोल चरात गाडा, बाकी मातीला घट्ट टेकवून खुंट्या ठोका. खाली पोकळी राहिली की पाणी तिथूनच घळ पाडतं. लावायला शोभेचा भुईमूग चांगला. वेडेलिया ही पिवळ्या फुलांची वेल झपाट्याने पसरते, पण नंतर आवरत नाही. दोन फुटांमागे एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तर आधी टप्पे पाडा.