सोनोग्राफीत पॉलिपची शंका आली तर दुर्बिणीची तपासणी करायलाच हवी का?

तुम्ही लिहिलंय, वय 41, पाळीत फार जातंय, सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर 15 मिमी आणि 'पॉलिपची शंका' (पॉलिप म्हणजे अस्तरातून वाढलेला मऊ कोंब). डॉक्टर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे पिशवीत दुर्बीण घालून तपासणी, करू म्हणतात आणि घरचे म्हणतात, रिपोर्ट आलाय ना, मग परत खर्च कशाला. हे 'घरचे म्हणतात' वाचलं आणि राहवलं नाही.

मी बरीच वर्षं एका सोनोग्राफी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करायचे. 'बल्की युटेरस'चा, म्हणजे पिशवी मोठी झाल्याचा, मजकूर कॉम्प्युटरवर तयारच असायचा, साहेब सांगतील ते आकडे भरायचे. शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन'ची, म्हणजे पेशंटच्या त्रासाशी ताडून बघा अशी ओळ, जी पेशंट सोडाच, नातेवाईकही वाचत नाहीत. साहेब शंका वाटली तर शंकाच लिहायचे. पेशंट घरी पोचेपर्यंत तिचं निदान झालेलं असायचं.

माझ्या वेळी हेच झालं. दुसऱ्या एका ठिकाणी पोटावरून सोनोग्राफी केली, तीही पाळी तोंडावर आलेली असताना. रिपोर्ट : अस्तर जाड, आत फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूची गाठ) असावा. थोरल्या भाऊजींचं मेडिकलचं दुकान, म्हणून घरात ते अर्धे डॉक्टर. रिपोर्ट उजेडाकडे धरून म्हणाले, "गाठ आहे. दोन मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? काढून टाका, कटकट मिटेल." सासूबाईंनी मान डोलावली. ऑपरेशन सांगणारे डॉक्टरही तयारच होते.

अहो, पाळीच्या आधी निरोगी बाईचं अस्तरसुद्धा 15-16 मिमीपर्यंत जाऊ शकतं. आकडा कुठल्या दिवशी मोजला हे न बघता त्यावर भांडण्यात काय अर्थ? मी हटून बसले. पाळी संपल्या संपल्या आतून (योनीमार्गातून) सोनोग्राफी करून घेतली. अस्तर पातळ झालेलं, पण एका जागी पांढुरका उंचवटा होताच, आणि डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) त्यात शिरणारी एक रक्तवाहिनी. मग दुर्बीण. भूल हलकी होती, मला नंतर व्हिडिओ दाखवला. सलाइनने पिशवी फुगवलेली, डाव्या नळीच्या तोंडापाशी गुलाबी, मऊ, देठावर हलणारा पॉलिप. फायब्रॉइड नव्हताच. तिथल्या तिथे काढला, पॅथॉलॉजीला पाठवला, साधा निघाला. पिशवी आजही जागेवर आहे.

तर तुमचं उत्तर : पोकळीतल्या गोष्टींसाठी दुर्बीण सरस. सोनोग्राफीत पॉलिप आणि आत डोकावणारा फायब्रॉइड यांची गल्लत होते, छोटे पॉलिप सुटतात. दुर्बिणीत डोळ्यांनी दिसतं, काढता येतं आणि तुकडा तपासायला मिळतो. मधला मार्ग म्हणजे पिशवीत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी. तिची अचूकता दुर्बिणीच्या बरीच जवळ जाते, फक्त सापडलं ते काढता येत नाही. तुमची सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली ते आधी बघा. उशिरा झाली असेल तर पाळी संपल्यावर परत करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि हो, दुर्बीण म्हणजे सर्वज्ञ नव्हे. पिशवीच्या भिंतीतला फायब्रॉइड, अॅडेनोमायोसिस (अस्तर भिंतीत शिरणं), अंडाशय यातलं तिला धड काही दिसत नाही, तिथे सोनोग्राफीच लागते. नुसत्या नजरेने कॅन्सर आहे-नाही ठरत नाही, बायोप्सी हवीच. पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं तर हिशोब वेगळा : तिथे अस्तर 4 मिमी किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता एक टक्क्याहून कमी, त्यापेक्षा जाड असेल किंवा रक्त परत परत जात असेल तर तुकडा तपासायचा, टाळाटाळ नाही. मी डॉक्टर नाही, हेही लक्षात ठेवा.

पिशवी काढावीच लागते अशी दुखणीही असतात, नाही म्हणत नाही. पण 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा तेरा हजारांवर जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, कित्येक चाळिशीच्या आतल्या. तिथेही कुणीतरी 'आता काय काम' म्हणालंच असेल.

घरच्यांना एवढंच विचारा, की दुर्बिणीचा खर्च नको तर पिशवी काढायचं ऑपरेशन, टाके आणि महिना-दीड महिन्याची विश्रांती फुकटात होते का? आमच्या भाऊजींना विचारलं तेव्हा ते दुकान उघडायचंय म्हणून उठले. रविवार होता.